रडत नाही त्या लेकराकडेही पाहा

श्रीगोंद्याच्या एका घरातील जुळी आणि त्यांची थोरली बहीण



रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण आम्हीही लहानपणापासून ऐकत आलो. पण ती आमच्याच घरात खरी ठरेल आणि आमची चूक आम्हाला साडेचार वर्षांच्या पोरीच्या वहीवरून कळेल, असे कधी वाटले नव्हते. ज्यांच्या घरी जुळी आहेत, ज्यांच्या घरी एकामागोमाग लहान लेकरे आहेत, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून ही हकिकत लिहीत आहोत. आमचे कौतुक व्हावे म्हणून नव्हे. यात आमच्या चुकाच जास्त आहेत.

आम्ही नवरा-बायको श्रीगोंद्यात राहतो. मुलांचे वडील साखर कारखान्यावर हंगामी कामगार आहेत. गळीत हंगाम चालू असेल तोवर कारखाना, तो बंद झाला की मिळेल ते काम. मुलांची आई लिंबाच्या बागांत तोडणीला जात असे. आमच्या तालुक्यात लिंबाच्या बागा पुष्कळ आहेत आणि काट्यांतून लिंबू काढायचे काम बहुतेक बायाच करतात. थोरली मुलगी २०१९ सालची. २०२३ च्या ऑगस्ट महिन्यात जुळी झाली, एक मुलगी आणि एक मुलगा. घरात मुलांची आजी आहे. दोन खोल्या, एक न्हाणी, आणि नळाला पाणी येईल त्या दिवशी भरून ठेवायचे दोन पिंप. एवढ्या संसारात एकदम दोन पाळणे हलू लागले.

जोडकेळे आणि जुळी

चौथ्या महिन्यात सोनोग्राफी झाली, तेव्हा दोन बाळे असल्याचे कळले. मुलगा की मुलगी हे आम्ही विचारले नाही. विचारणे आणि सांगणे दोन्ही कायद्याने गुन्हा आहे, हे ठाऊक होते. घरी आल्यावर शेजारची पहिली बाई म्हणाली, "जोडकेळे खाल्ले असशील." दुसरी म्हणाली, "तुझ्या माहेरी कुणाला झाली होती का?" तिसरीने कपाळाला हात लावला आणि "दोघांचे कसे निभावणार?" असे विचारले.

यातला पहिला प्रश्न निव्वळ खुळचटपणाचा. केळे एकाला एक चिकटलेले असले काय आणि सुटे असले काय, पोटात गेल्यावर ते केळेच. जुळी दोन तऱ्हेने होतात. कधी एकच बीज फळते आणि मग त्याचे दोन भाग होतात. अशी जुळी दिसायला सारखी असतात आणि दोन्ही मुलगे किंवा दोन्ही मुलीच असतात. जगात कुठेही गेले तरी अशा जुळ्यांचे प्रमाण हजार बाळंतपणांत साधारण तीन-चार एवढेच आढळते. कधी त्या महिन्यात बाईची दोन बीजे तयार होतात आणि दोन्ही फळतात. अशी जुळी म्हणजे एकाच वेळी आलेली दोन भावंडे. एक मुलगी, एक मुलगा हे यातच होते. दुसऱ्या बाईचा प्रश्न मात्र बरोबर होता. दोन बीजांची जुळी आईच्या माहेरच्या रक्तात असू शकतात. शिवाय आईचे वय तिशीच्या पुढे गेले की त्यांचा संभव थोडा वाढतो. म्हणजे यात ना कुणाची दृष्ट, ना कुणाचे पुण्य, ना कुणाचा दोष.

तिसऱ्या बाईचा प्रश्न सगळ्यांत खरा होता. दोघांचे कसे निभावायचे, हाच प्रश्न आम्हाला पुढे दोन वर्षे पुरला.

आईची मजुरी

जुळ्यांच्या पोटुशीला रक्त जास्त लागते. तिला पंडुरोग लवकर होतो, रक्तदाब वाढण्याची भीती असते आणि बाळंतपण बहुधा दिवस भरण्याआधीच होते. निम्म्याहून अधिक जुळी अशी लवकर येतात. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, पाय सुजले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर ताबडतोब या म्हणून सांगितले आणि उन्हातले काम बंद करायला सांगितले. सहाव्या महिन्यात तोडणी बंद झाली. काम बंद झाले म्हणजे मजुरीही बंद झाली. रोजंदारीच्या बाईला बाळंतपणाची पगारी रजा कोण देणार?

इथे एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायांना बाळंतपणाची रजा आणि त्या काळातले पैसे मिळावेत असे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याच्या बाजूने भाषण केले होते. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. आज पगारी नोकरीतल्या बाईला २६ आठवड्यांपर्यंत रजा मिळते. पण बागेत, शेतात, वीटभट्टीवर, उसाच्या फडात राबणाऱ्या बाईपर्यंत तशी रजा अजून पोचलेली नाही. तिच्या वाट्याला सरकारी योजनांतले थोडे पैसे येतात. त्यांची माहिती पुढे दिली आहे, ती जरूर वाचावी.

छातीशी धरलेले बाळ

दिवस भरायला पाच आठवडे बाकी असताना एका रात्री कळा सुरू झाल्या. १०८ ला फोन केला आणि गाडीने नगरला नेले. (नगर जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या तोंडी अजून नगरच येते.) बाळंतपण सुखरूप झाले. आधी मुलगी आली, मग मुलगा. मुलगी १ किलो ६०० ग्रॅमची, मुलगा २ किलोचा. अडीच किलोच्या आतले बाळ कमी वजनाचे धरतात. आमची दोन्ही त्यात बसत होती, आणि मुलगी तर ओंजळीत मावेल एवढी होती.

दोघांना काचेच्या पेटीच्या खोलीत ठेवले. चार-पाच दिवसांनी तिथल्या सिस्टरने मुलांच्या वडिलांना बोलावले आणि सांगितले, "शर्टाची बटणे काढा, खुर्चीवर मागे टेकून बसा आणि हिला छातीवर घ्या." उघडे बाळ उघड्या छातीवर उभे निजवायचे, डोक्याला टोपडे, पायात मोजे, वरून चादर. वडिलांना आधी लाज वाटली. आजूबाजूला सगळ्या बायाच होत्या. पण दहा मिनिटांत त्या एवढ्याशा जिवाचा श्वास शांत झाला, आणि वडिलांची लाज कुठल्या कुठे गेली.

या रीतीला कांगारू माता पद्धत म्हणतात. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात, बोगोटा शहरातील एका रुग्णालयात १९७८ साली डॉ. एडगर रे सॅनाब्रिया यांनी ती सुरू केली. कारण साधे होते. बाळे जास्त, काचेच्या पेट्या कमी. गरिबीतून निघालेली ही युक्ती पुढे सगळ्या जगाने घेतली. भारतासह पाच देशांत केलेला एक मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. १ किलो ते १ किलो ८०० ग्रॅमची बाळे जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवली, तर महिन्याच्या आत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण सुमारे पाव हिश्श्याने कमी होते, असे त्यात दिसून आले. आई थकलेली असेल तर बाप, आजी, मावशी, कुणीही ही ऊब देऊ शकते. जुळ्यांच्या घरात तर दोन छात्या लागतातच. एक बाळ आईकडे, एक बापाकडे. याला पैसा लागत नाही.

बारा दिवसांनी घरी आलो. येताना सिस्टरने तीन गोष्टी बजावल्या. सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही, म्हणजे पाणी नाही, मध नाही, गुटी नाही. खोलीत धुरी आणि शेगडीचा धूर नाही. आणि डोळ्यांत काजळ, नाका-कानात तेल नाही. मुलांच्या आजीला हे पटायला वेळ लागला. "आम्ही सात लेकरे वाढवली," ती म्हणाली. पण धाकट्या नातीचा तो एवढासा चेहरा पाहून तिने धुपाटणे स्वतःच माळ्यावर टाकले.

थोरली मामाकडे

आता आमची पहिली चूक सांगतो.

बाळंतपणाच्या रात्री थोरलीला कर्जत तालुक्यात मामाकडे पाठवले होते. ते योग्यच होते. पण आम्ही घरी आलो तेव्हा जो तो म्हणू लागला, "तिला राहू दे तिकडे. तीन-तीन लेकरांचे काय करणार? तिथे तिला भावंडे आहेत, खेळेल." आम्हालाही ते सोयीचे वाटले. आठ दिवस म्हणता म्हणता सात आठवडे गेले. फोनवर ती नीट बोलायची. जेवलीस का? जेवले. रडत नाहीस ना? नाही. मामी म्हणायची, "लई गुणाची पोर आहे, काही त्रास नाही." ते ऐकून आम्ही निर्धास्त झालो.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मामा तिला घेऊन आला. आम्हाला वाटले, धावत येईल, आईच्या गळ्यात पडेल. ती दारातच पिशवी धरून उभी राहिली. मग आत आली, पाळण्यांकडे लांबून पाहिले आणि आजीला विचारले, "आता मी किती दिवस राहायचं?"

स्वतःच्या घरी आलेली पोर किती दिवस राहायचे म्हणून विचारते! त्या रात्री आम्ही दोघेही जेवलो नाही. त्यानंतर तिने अंथरूण ओले करायला सुरुवात केली. दोन वर्षांपूर्वी सुटलेली सवय परत आली. बोट तोंडात जाऊ लागले. ती बाळांना कधी मारत नव्हती, चिमटा काढत नव्हती, हट्ट करत नव्हती. म्हणून लोक म्हणायचे, शहाणी आहे. शहाणी नव्हती ती, धास्तावलेली होती. पुन्हा पाठवतील, ही तिची भीती होती.

आशाताईंनी आम्हाला समजावले. त्यांनी अनेक घरे पाहिलेली. त्या म्हणाल्या, "पोरगी पुन्हा लहान होऊन बघते, लहान झाल्यावर तरी कुणी जवळ घेतं का म्हणून. रागवू नका, लाजवू नका. आणि 'तू आता मोठी झालीस' हे वाक्य घरातून काढून टाका." ते वाक्य आम्ही दिवसातून दहादा म्हणत होतो. साडेचार वर्षांचे मूल मोठे कसले? जुळ्यांच्या शेजारी ते मोठे दिसते, एवढेच.

उभ्या रेघा आणि गोळे

दुसरी चूक याहून मोठी होती.

दहाव्या आठवड्याची लस द्यायला दोघांना नेले. नर्सबाईंनी वजन केले. मुलगा ३ किलो ८०० ग्रॅम, मुलगी २ किलो ५००. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. एवढ्या वयात बाळाचे वजन रोज वीस-तीस ग्रॅम वाढायला हवे. मुलाचे वाढले होते, मुलीचे त्याच्या निम्मेच.

"हिला दिवसातून किती वेळा पाजता?"

"दोघांना सारखेच."

"मोजलंत का?"

मोजले नव्हते. दोन्ही लेकरे आमचीच, कुणाला कमी करायचे आमच्या मनातही नव्हते. नर्सबाई म्हणाल्या, "तीन दिवस लिहून ठेवा आणि मला दाखवा."

घरात लिहायला सवड कुणाला? एकाला पाजेपर्यंत दुसरे जागे, त्याला ढेकर काढेपर्यंत पहिल्याचे लंगोट ओले. तेव्हा थोरली म्हणाली, "मी लिहू?" तिला अक्षरे येत नव्हती, पण अंगणवाडीत रेघ आणि गोळा शिकवला होता. जुनी वही दिली. भाऊ प्याला की उभी रेघ, बहीण प्याली की गोळा. रात्रीच्या वेळचे सकाळी आजीला विचारून ती काढायची. तीन दिवस वही तिच्या काखेतून सुटली नाही.

चौथ्या दिवशी आम्ही मोजले. पहिल्या दिवशी अकरा रेघा, सहा गोळे. दुसऱ्या दिवशी दहा रेघा, सहा गोळे. तिसऱ्या दिवशी बारा रेघा, पाच गोळे.

वही पाहून आईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. झाले होते असे: मुलगा भूक लागली की वस्ती जागी करायचा. म्हणून त्याला आधी घ्यायचे. मुलगी निजून राहायची. आम्ही म्हणायचो, गुणाची आहे, झोपू द्या. अशक्त बाळ भुकेनेसुद्धा निजते, रडायलाही ताकद लागते, हे आम्हाला कळले नव्हते. त्यातच कुणी येऊन सांगायचे, "मुलाचं आधी बघा." आम्ही तसे मानणारे नव्हतो. मुलगा-मुलगी समान, हे आमच्या घरात दोन पिढ्यांपासून बोलले जाते. पण तोंडाने बोलणे वेगळे आणि वहीतला हिशोब वेगळा. वही खोटे बोलत नाही.

त्याच महिन्यात एक लांबचे नातेवाईक येऊन गेले होते. मूलबाळ नाही, माणसे चांगली. म्हणाले, "दोघं तुम्हाला जड जातील. बारकी आम्हाला द्या." मुलगा कुणी मागितला नाही. आम्ही नम्रपणे नाही म्हटले. पण वही पाहिल्यावर मनात आले, आपण तिला दिली नाही खरी, पण घरात ठेवून तरी नीट कुठे सांभाळली?

मग रीत बदलली. नर्सबाईंनी सांगितले तसे मुलीला दर अडीच-तीन तासांनी उठवायचे, रात्रीसुद्धा. तळपाय चोळायचे, ओल्या बोटाने कान पुसायचे, म्हणजे जाग येते. तिला आधी पाजायचे. पुढे दोघांना एकदम पाजायचे जमू लागले. भिंतीला टेकून बसायचे, मांडीवर उशी, एक बाळ या बगलेखाली, एक त्या, पाय मागच्या बाजूला. मुलगा जोराने ओढतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूचेही दूध उतरते, आणि मुलीला ते कमी कष्टात मिळते. वर काढून ठेवलेले दूध तिला वाटी-चमच्याने द्यायचे. बाटली घरात आणली नाही.

दोघांना दूध पुरेल का, ही शंका सगळ्यांनीच बोलून दाखवली. दूध हे विहिरीच्या झऱ्यासारखे आहे. जेवढा उपसा, तेवढे येणे. बाळे जितकी जास्त पितील तितके दूध तयार होते. मात्र आईच्या पोटात गेले पाहिजे. एका बाळाच्या आईला रोजच्यापेक्षा सुमारे पाचशे कॅलरी जास्त लागतात. जुळ्यांच्या आईला त्याच्या दुप्पट. म्हणजे साधारण एका वेळचे नव्हे, दोन वेळचे जास्तीचे जेवण. बाजरीची भाकरी, डाळ, शेंगदाणे, मेथी-शेपू, अंडे, मिळेल तेव्हा मटण-मासळी. पथ्य म्हणून बाळंतिणीला अर्धपोटी ठेवण्याची चाल काही घरांत अजून आहे, ती सोडलीच पाहिजे. आमच्या वस्तीतल्या बायांनी एक महिना पाळी लावली होती. आज हिच्या घरून कालवण, उद्या तिच्या घरून. तो उपकार विसरणार नाही.

चौदाव्या आठवड्याच्या लसीला मुलगी ३ किलो ४०० भरली. नर्सबाईंनी थोरलीच्या वहीवर स्वतःच्या पेनाने बरोबरची खूण करून दिली. ती वही आजही पेटीत आहे.

ताईची शाळा

वहीच्या कामाने थोरलीत फरक पडला. घरात तिची गरज आहे, हे तिला दिसले. अंथरूण ओले होणे महिन्या-दीड महिन्यात थांबले. पण इथे आम्ही तिसरी चूक करता करता वाचलो.

नोव्हेंबरात कारखान्याचा हंगाम सुरू झाला. वडिलांची रात्रपाळी आली. आई एकटी पडली. थोरली पाळणा हलवते, दुपटी आणून देते, पावडर देते. हळूहळू तिची अंगणवाडी बुडू लागली. आज राहू दे, उद्या जाईल. एक दिवस सेविकाताई दारात आल्या. "ताई झाली म्हणून शाळा सुटली काय?" एवढेच बोलल्या.

आपल्यापैकी कितीतरी घरांत थोरल्या बहिणीची शाळा धाकट्यांच्या पाळण्यापायी सुटली आहे. आमच्या आयांच्या पिढीत तर घरोघरी हेच झाले. कौतुकाने दिलेले काम केव्हा मुलीच्या गळ्यातला फास होते, ते कळतही नाही. आम्ही नियम केला. अंगणवाडीच्या वेळात तिला एकही काम सांगायचे नाही. आणि रोज संध्याकाळी, पाळी कुठलीही असो, आमच्यापैकी एकाने तिला एकटीला अर्धा तास द्यायचा. त्या वेळात बाळांचे नाव काढायचे नाही. कधी वडील तिला सायकलवर बसवून फिरवून आणत, कधी आई तिची वेणी घालता घालता गोष्ट सांगे. अर्धा तास म्हणजे फार नव्हे. पण तिच्यासाठी तो तिच्या मालकीचा होता.

जुळ्यांत मोठे कोण, यावर आमच्याकडे अजून वाद चालतो. आफ्रिकेतील नायजेरियात योरुबा नावाचे लोक आहेत. त्यांच्यात जुळ्यांचे प्रमाण जगात सर्वांत जास्त असल्याचे आढळले आहे. त्यांच्याकडे आधी येणाऱ्याला ताइवो आणि मागून येणाऱ्याला केहिंदे म्हणतात. आणि मागून येणाराच थोरला मानतात! का, तर त्याने धाकट्याला जग कसे आहे ते पाहायला पुढे पाठवले. हे आम्ही थोरलीला सांगितले. ती विचार करून म्हणाली, "मग मला कुणी पाठवलं?" आम्ही म्हटले, "या दोघांनी." त्या दिवसापासून ती हे सगळ्यांना सांगते.

बाळंतिणीचे मन

एक गोष्ट बाया बोलत नाहीत, म्हणून आम्ही मुद्दाम लिहितो. तिसऱ्या महिन्यात मुलांच्या आईला कशातच गोडी वाटेना. झोप मिळाली तरी लागेना. दोन्ही पाळणे रडत असताना ती भिंतीकडे तोंड करून बसे. बाळे आपली वाटत नाहीत, असे एकदा बोलून गेली आणि मग तेवढ्यासाठी दिवसभर रडली. सगळे म्हणत, "दोन-दोन लेकरे झाली, आणि रडते काय?"

बाळंतपणानंतर येणारी ही उदासी म्हणजे एक आजार आहे. तो कुणालाही होऊ शकतो, आणि जुळ्यांच्या आईला त्याचा धोका अधिक. तो वेड नव्हे, करणी नव्हे, आळस तर नव्हेच. दोन आठवड्यांच्या वर मन असेच राहिले तर डॉक्टरांना सांगावे. सरकारने २०२२ साली टेलिमानस नावाची फोनसेवा सुरू केली आहे, क्रमांक १४४१६. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. आमच्या घरी डॉक्टरांचा सल्ला आणि सलग पाच तासांची झोप, या दोन गोष्टींनी गुण आला. त्या पाच तासांसाठी आजी आणि वडील यांनी रात्र वाटून घेतली. काढून ठेवलेले दूध वाटी-चमच्याने बापालाही पाजता येते.

कागदपत्रे नीट ठेवा

आता योजनांविषयी. अनेकांना वाटते, थोरले एक आणि जुळी दोन म्हणजे तीन अपत्ये झाली, आता काहीच मिळणार नाही. तसे नाही.

सरकारी रुग्णालयात बाळंतपण, ऑपरेशन, औषधे, रक्त, जेवण आणि घरी सोडायची गाडी हे सर्व २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. आजारी नवजात बाळाचे उपचारही मोफत. जननी सुरक्षा योजनेत दारिद्र्यरेषेखालील, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या ग्रामीण मातेला ७०० रुपये मिळतात. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती लागू आहेत, त्यामुळे दाखला जवळ ठेवावा.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याला ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये आहेत. दुसऱ्या बाळंतपणात जुळी झाली आणि त्यांत एक जरी मुलगी असली, तरी हे ६,००० मिळतात.

राज्याची लेक लाडकी योजना १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड आणि वर्षाचे उत्पन्न एक लाखाच्या आत हवे. जन्मल्यावर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,०००, असे एकूण १,०१,००० रुपये. दुसऱ्या खेपेला जुळी झाली तर एका मुलीला किंवा दोन्ही मुली असतील तर दोघींना लाभ आहे. मात्र त्यानंतर आई किंवा वडिलांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करावी लागते. आमच्या घरी ती वडिलांनी केली. पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी असते, टाका जवळजवळ नसतो आणि काही दिवसांत माणूस कामावर जातो. बाईने दोन जीव एकदम वाहिले, मग एवढे पुरुषाने करायला काय हरकत? १९३८ साली मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने आपल्याच नगर जिल्ह्यातील आमदार रोहम यांनी मांडला होता, हेही या निमित्ताने आठवावे. तो तेव्हा फेटाळला गेला.

शेवटची एक शंका. दोनपेक्षा जास्त अपत्ये असतील तर ग्रामपंचायतीला उभे राहता येत नाही आणि सरकारी नोकरीलाही अडचण येते. पण थोरले एक असताना पुढच्या एकाच बाळंतपणात कितीही बाळे झाली, तरी कायदा त्यांना एकच धरतो. त्यामुळे आमच्यासारख्या घराला ती आडकाठी नाही. मात्र जुळ्यांचे जन्मदाखले दोन वेगळे, नाव आणि वेळ तपासून घ्यावेत. आमच्याकडे एका दाखल्यावर नाव चुकले होते. ते दुरुस्त करायला चार खेटे पडले.

आज जुळी घरभर धावतात. मुलगी अजून भावापेक्षा बुटकी आहे, पण आवाज तिचाच मोठा. भूक लागली की ताट वाजवते. थोरली प्राथमिक शाळेत जाते आणि वर्गात पाढे मोठ्याने म्हणते.

आमच्या घरात आता एक सवय झाली आहे. रात्री निजण्याआधी आम्ही एकमेकांना विचारतो, आज कोण रडले नाही? ज्याचे नाव येईल त्याच्याजवळ उद्या आधी बसायचे. कधी ते धाकटी असते, कधी थोरली, कधी मुलगा. कधी कधी ती मुलांची आजीही असते. वाचकहो, तुमच्या घरीही एकदा विचारून पाहा.